न्यूमोकॉकसचा संसर्ग आणि नैसर्गिक मारक पेशींची स्मृती

पेशीवाचक

न्यूमोकॉकस या न्यूमोनिया घडवणाऱ्या जिवाणूचा प्राणघातक नसलेला संसर्ग होऊन गेलेल्या उंदराच्या नैसर्गिक मारक पेशी (प्रतिकारशक्तीतील एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) वेगळ्या काढून, हा जिवाणू कधीच न भेटलेल्या दुसऱ्या उंदराला दिल्या, तर प्राणघातक संसर्गापासून त्याचे रक्षण होते, असे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधील मेलानी हॅमों यांच्या गटाने २०२३ साली ‘प्लॉस पॅथोजेन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले. हे संरक्षण किमान बारा आठवडे टिकले. जिवाणूंच्या बाबतीत या पेशींना स्मृती असते, असे इतक्या थेट प्रयोगाने त्याआधी फारसे दाखवले गेले नव्हते. मराठीत या विषयावर फारसे लिहिलेले आढळत नाही, म्हणून हा धागा सुरू करीत आहे.

थोडी पूर्वपीठिका सांगतो. १९७५ च्या सुमारास स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत आणि अमेरिकेतील राष्ट्रीय कर्करोग संस्थेत असे आढळले की, अर्बुदाच्या पेशींशी पूर्वी कधीही संबंध न आलेल्या उंदरांच्या शरीरातही त्या पेशींना मारणाऱ्या लसीका पेशी (पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट) असतात. आधीच्या शिकवणीवाचून मारतात म्हणून त्यांना ‘नैसर्गिक मारक’ म्हटले गेले. माणसाच्या रक्तातील लसीका पेशींपैकी साधारण ५ ते १५ टक्के पेशी या गटातील असतात. आपली ओळख पटवणारे एमएचसी वर्ग-१ रेणू ज्या पेशीने पृष्ठभागावरून नाहीसे केले आहेत, तिला त्या संशयित ठरवतात. हा विचार १९८६ मध्ये क्लास कार्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोगाने पुढे आणला. टी आणि बी पेशी या स्मृती जपणाऱ्या लसीका पेशी जनुकांचे तुकडे तोडून पुन्हा जोडतात आणि त्यातून असंख्य प्रकारचे ग्राही (ठरावीक रेणू ओळखणारी, पेशीच्या पृष्ठभागावरील प्रथिने) तयार करतात; मारक पेशी तसे काही करीत नाहीत. त्यांचे ग्राही जन्मापासून ठरलेले आणि मोजकेच. त्यामुळे त्यांना स्मृती असणे शक्य नाही, असे पाठ्यपुस्तके कित्येक वर्षे सांगत आली.

या समजाला पहिला मोठा धक्का बसला तो २००६ साली. ज्या उंदरांत टी आणि बी पेशी तयारच होत नाहीत, अशा उंदरांच्या त्वचेवर एक रसायन लावले आणि चार आठवड्यांनी तेच पुन्हा लावले, तेव्हा तीव्र प्रतिक्रिया उमटली. ती मारक पेशींमुळे होती. पुढे २००९ मध्ये जोसेफ सन आणि लुईस लॅनिअर यांनी उंदरांच्या सायटोमेगॅलोविषाणूवर काम केले. त्या विषाणूचा एम१५७ हा रेणू ओळखणारा ग्राही ज्या मारक पेशींवर असतो, त्या संसर्गानंतर प्लीहेत शंभरपट आणि यकृतात हजारपट वाढल्या, नंतर बहुतेक नाहीशा झाल्या, आणि उरलेल्या पेशी महिनोन्‌महिने टिकून दुसऱ्या वेळी अधिक जोमाने लढल्या.

विषाणूची गोष्ट अशी बरीच पक्की झाली, जिवाणूंची मात्र रेंगाळली. माझ्या मते त्याचे कारण असे की, विषाणूग्रस्त पेशी ही मारक पेशीसमोर उभी राहणारी एक वस्तू आहे, तर न्यूमोकॉकस मुख्यतः पेशींच्या बाहेर, श्वासमार्गाच्या द्रवात आणि रक्तात वाढतो. मारक पेशीने मारायचे तरी कोणाला, असा प्रश्न पडत असल्यामुळे बहुतेकांनी या पेशींकडे केवळ इंटरफेरॉन गॅमा हा संदेशवाहक रेणू सोडून जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशींना चेतवणारे मदतनीस म्हणून पाहिले. पाश्चरच्या प्रयोगात नेमके याच्या उलट निघाले. स्मृती असलेल्या पेशींचे संरक्षण इंटरफेरॉन गॅमावर अवलंबून नव्हते. ते अवलंबून होते परफोरिन या, लक्ष्य पेशीच्या आवरणाला भोके पाडणाऱ्या प्रथिनावर. बाहेर राहणाऱ्या जिवाणूविरुद्ध पेशी मारण्याचे हत्यार उपयोगी पडते, ही गोष्ट मला या विषयातली सर्वांत महत्त्वाची वाटते, आणि चर्चा तिच्याभोवती व्हावी अशी इच्छा आहे.

मिरजकर_डॉक्टर

लेख वाचला, विषय अत्यंत महत्त्वाचा आहे. न्यूमोकॉकसचे रुग्ण आम्ही नेहमी पाहतो. न्यूमोनियातून बरे झालेले वयस्कर गृहस्थ घरी जाताना हमखास विचारतात, “डॉक्टर, एकदा होऊन गेला म्हणजे आता पुन्हा होणार नाही ना?” आणि पुन्हा होऊ शकतो असे त्यांना सांगावे लागते, कारण या जिवाणूचे शंभराहून अधिक सीरोटाइप (कवचावरून ठरणारे प्रकार) आहेत आणि एका प्रकारच्या कवचाविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकाराला सहसा अडवत नाहीत.

माझी शंका मूलभूत आहे. एका प्राण्याच्या पेशी दुसऱ्याला दिल्या आणि त्याचे रक्षण झाले, यावरून श्रेय मारक पेशींचेच, हे कसे ठरवले जाते? पेशी वेगळ्या करताना मूठभर टी पेशी जरी सोबत गेल्या, तरी बारा आठवड्यांत त्या वाढून सगळे काम करू शकतील. शिवाय यकृतातील ज्या पेशींना २००६ च्या सुमारास मारक पेशी म्हटले गेले, त्यांच्याबद्दल पुढे मतभेद झाल्याचे स्मरते.

पेशीवाचक

डॉक्टर, आपली शंका रास्त आहे आणि या क्षेत्रातील प्रत्येक दाव्याला ती विचारलीच पाहिजे.

पेशी वेगळ्या करण्याचे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो, म्हणजे कुठे चूक शिरू शकते ते दिसेल. प्लीहा कुस्करून, गाळून एकेकट्या पेशींचा द्राव तयार करतात. त्यात टी पेशी, बी पेशी, मॅक्रोफेज, तांबड्या पेशी अशा नको असलेल्या सर्वांना चिकटणारी, लोहकण जोडलेली प्रतिपिंडे घालतात आणि नळी चुंबकाजवळ धरतात. नको असलेल्या पेशी भिंतीला चिकटून राहतात आणि कोणीही हात न लावलेल्या मारक पेशी द्रवातून बाहेर येतात. मग त्यातील थोड्या पेशी फ्लो सायटोमीटरवर तपासतात. पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि पडद्यावर ठिपक्यांचा ढग उमटतो. टी पेशींची खूण असलेला सीडी३ नाही, पण मारक पेशींची खूण असलेला एनके१.१ किंवा एनकेपी४६ आहे, अशा ठिपक्यांची चौकट आखली की शुद्धतेची टक्केवारी मिळते. चौकटीबाहेर राहिलेले दोन-चार टक्के ठिपके हीच आपल्या शंकेची जागा.

त्यावर खरे उत्तर मिळते ते जनुके काढून टाकलेल्या उंदरांकडून. पेशी देणाऱ्या उंदरात परफोरिन नसेल तर संरक्षण जाते आणि इंटरफेरॉन गॅमा नसला तरी ते टिकते, या निष्कर्षामुळे काम नेमके कोणत्या हत्याराने झाले ते कळते. टी पेशींपैकीही काहींकडे परफोरिन असते, हे खरे. म्हणून केवळ एवढ्यावर मी समाधानी राहणार नाही. परंतु त्याच शोधनिबंधात आणखी एक गोष्ट आहे. या पेशींनी शरीराबाहेर, काचपात्रात, जिवाणूला स्वतःहून प्रतिसाद दिला आणि पूर्वी संसर्ग झालेल्या उंदरांच्या पेशींचा प्रतिसाद अधिक मोठा होता. प्रतिसाद देणारी पेशी कोणती हे तिथे एकेका पेशीवर पाहता येते, त्यामुळे भेसळीचा प्रश्न बराच सुटतो.

यकृतातील पेशींबद्दल आपले स्मरण बरोबर आहे. २०१३ च्या सुमारास स्पष्ट झाले की यकृतात कायम वास्तव्य करणाऱ्या, सीडी४९ए हा रेणू असलेल्या पेशी रक्तातील मारक पेशींहून वेगळ्या आहेत. आज त्यांची गणना सहसा पहिल्या गटाच्या जन्मजात लसीका पेशींमध्ये होते. रसायनाची स्मृती जपणाऱ्या पेशी मुख्यतः याच होत्या. त्यामुळे २००६ चा प्रयोग मोडीत निघत नाही, पण त्याचे श्रेय कोणाला द्यायचे ते बदलते.

उत्तरा

मी जीवशास्त्र शिकवते. वर्गात मारक पेशी सांगताना एक आकडा मी नेहमी देते: माणसाच्या रक्तातील मारक पेशी साधारण दोन आठवड्यांत बदलल्या जातात. मग बारा आठवडे टिकणारी स्मृती कशात साठवलेली असते? पेशी स्वतः दीर्घायुषी होते, की ती विभागून आपली खूण पुढच्या पिढीला देते? आणि ही खूण म्हणजे प्रत्यक्षात काय?

बकुळ

उत्तराताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पाश्चरच्याच गटाच्या २०१९ मधील कामात मिळते. ते ‘सेल रिपोर्ट्स’मध्ये आले होते. तिथे जिवंत जिवाणू नव्हता. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातील लिपोपॉलिसॅकराइड हे विष देऊन उंदरांच्या सर्व शरीरात दाह निर्माण केला होता. दाह शमल्यानंतर मारक पेशी बाहेरून अगदी पूर्वीसारख्या दिसत होत्या, परंतु पुन्हा उत्तेजन मिळताच त्यांनी जास्त इंटरफेरॉन गॅमा तयार केला. हा गुण किमान नऊ आठवडे टिकला, आणि अशा पेशी दुसऱ्या उंदरांना दिल्यावर ई. कोलाय या जिवाणूच्या संसर्गाविरुद्ध त्यांची मदत झाली.

खूण कशात होती? आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. त्यापैकी एच३ या हिस्टोनच्या चौथ्या लायसीनवर एकच मेथिल गट बसला, तर त्या जागेचा डीएनए जनुकाला चालना देण्यास सज्ज आहे असे समजले जाते. इंटरफेरॉन गॅमाच्या जनुकाच्या परिसरात, एरवी मुक्या असलेल्या एका नियंत्रक जागेवर ही खूण विषाच्या पहिल्या अनुभवानंतर उमटली आणि दाह ओसरल्यावरही राहिली. दार लोटून ठेवले आहे पण कडी घातलेली नाही, अशी त्या जनुकाची अवस्था होते. उघडायला दुसऱ्या वेळी कमी जोर पुरतो. मेथिल गट बसवणाऱ्या विकरांना रसायनाने रोखले तेव्हा ती जागा पुन्हा बंद झाली आणि स्मृतीही गेली. हा शेवटचा भाग फार मोलाचा आहे, कारण त्यामुळे खूण ही स्मृतीची केवळ सोबतीण न राहता तिचे कारण ठरते.

पेशीच्या आयुष्याबद्दल असे म्हणता येईल की, दोन आठवडे हा आकडा सरासरीचा आहे. सायटोमेगॅलोविषाणू झालेल्या माणसांत एनकेजी२सी हा ग्राही असलेल्या मारक पेशींचा एक गट वर्षानुवर्षे टिकलेला आढळतो. म्हणजे त्या कुळातील काही पेशींना दीर्घकाळ टिकणे किंवा सावकाश विभागत राहणे जमते.

मंदार

धागा लक्षपूर्वक वाचत आहे. मला एक भेद स्पष्ट करून हवा आहे. बीसीजी लस घेतल्यावर क्षयरोगाखेरीज इतर संसर्गांपासूनही थोडेफार संरक्षण मिळते, याबद्दल करोनाच्या काळात पुष्कळ लिहून आले होते. त्याला ‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ म्हणतात. या धाग्यातील स्मृती म्हणजे तेच, की काही निराळे? तसेच क्षयरोगाच्या जिवाणूबाबत मारक पेशींवर काय काम झाले आहे? आपल्याकडे तो प्रश्न न्यूमोकॉकसइतकाच किंवा त्याहून मोठा आहे.

पेशीवाचक

मंदार, प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मी देतो, क्षयरोगाबद्दल बकुळ अधिक अधिकाराने लिहू शकतील.

‘प्रशिक्षित प्रतिकारशक्ती’ ही कल्पना नेदरलँड्समधील मिहाय नेटेया यांनी २०११ मध्ये मांडली. तीत पहिला अनुभव एका जंतूचा असला तरी वाढलेला प्रतिसाद अनेक जंतूंना मिळतो. तेथे मुख्य पात्र मोनोसाइट ही पेशी आहे. न्यूमोकॉकसच्या प्रयोगात मात्र लेखकांनी स्मृती विशिष्ट असल्याचे म्हटले आहे, म्हणजे दुसऱ्या वेळचा वाढीव प्रतिसाद त्या जिवाणूपुरता होता. हा दावा इतर सर्व दाव्यांहून वजनदार आहे, कारण विशिष्ट असण्यासाठी ओळखण्याचे काही साधन लागते. सायटोमेगॅलोविषाणूच्या बाबतीत ते साधन, म्हणजे ग्राही, हाती आहे. न्यूमोकॉकसच्या बाबतीत ते अजून सापडायचे आहे.

या दोन टोकांच्या मध्ये तिसरी एक अवस्था आहे. २००९ मध्ये वेन योकोयामा यांच्या गटाने दाखवले की इंटरल्यूकिन-१२, १५ आणि १८ यांच्या मिश्रणात मारक पेशी एक रात्र ठेवल्या आणि मग उंदरात सोडल्या, तर काही आठवड्यांनीही त्या अधिक इंटरफेरॉन गॅमा देतात. इथे कोणताही जंतू नाही, केवळ दाहाचे संदेश आहेत. अशाच पेशी पुढे रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आल्या आणि त्याचे पहिले निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. जिवाणूच्या संसर्गात हेच संदेश शरीरात भरपूर असतात. म्हणून जिवाणूजन्य स्मृतीचा कोणताही नवा दावा वाचताना मी प्रथम हे तपासतो की, दुसरे उत्तेजन म्हणून काय वापरले, आणि वेगळ्या जिवाणूने तोच परिणाम मिळतो का हे पाहिले की नाही.

बकुळ

क्षयरोगाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण माणसांतील पुरावा तिथे सर्वांत जास्त आहे.

छातीत पाणी होणाऱ्या क्षयरोगात ते पाणी सुईने काढले जाते. २०११ मध्ये चीनमधील संशोधकांनी अशा पाण्यातील मारक पेशी तपासल्या. त्यांपैकी काहींवर सीडी४५आरओ हा रेणू होता, जो टी पेशींमध्ये स्मृतीची खूण मानला जातो. इंटरल्यूकिन-१२ दिल्यावर याच पेशींनी अधिक जलद आणि अधिक जोरदार प्रतिसाद दिला. रोगाच्या नेमक्या जागेवरून पेशी घेतल्या, हे या कामाचे बळ. त्या पेशी पूर्वी कशा होत्या हे पाहण्याची सोय नाही, ही त्याची मर्यादा.

२०१६ साली दक्षिण आफ्रिकेतून आलेला अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. ज्या प्रौढांच्या शरीरात क्षयाचा जिवाणू सुप्त आहे, अशांना बीसीजी पुन्हा टोचली. टी पेशींचा प्रतिसाद वाढला आणि नंतर बराच ओसरला, परंतु बीसीजीला प्रतिसाद देऊन इंटरफेरॉन गॅमा बनवणाऱ्या मारक पेशींचे वाढलेले प्रमाण वर्षभर टिकून राहिले. उंदरांत २०१७ मध्ये असे आढळले की बीसीजी दिल्यावर सीडी२७ आणि केएलआरजी१ हे दोन्ही रेणू असलेल्या मारक पेशी वाढतात, ही वाढ इंटरल्यूकिन-२१ वर अवलंबून असते आणि या पेशी क्षयाच्या जिवाणूपासून संरक्षण देतात.

आणखी एक. २०१८ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक ठिकाणच्या रुग्णगटांवरील अभ्यासात दिसले की सुप्त संसर्ग असलेल्यांच्या रक्तात मारक पेशींचे प्रमाण जास्त असते, रोग सक्रिय झाला की ते घटते आणि उपचारानंतर पूर्ववत होते, फुफ्फुसातील दाह जितका जास्त, तितक्या या पेशी कमी. घट हे कारण की परिणाम, हे अशा अभ्यासातून ठरत नाही. तरीही रोग्याच्या प्रकृतीबरोबर वरखाली होणारी एखादी गोष्ट साध्या रक्ततपासणीत दिसावी, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही.

येथे एका गोष्टीची आठवण ठेवली पाहिजे. तमिळनाडूतील चिंगलपट येथे १९६८ पासून बीसीजीची जी प्रचंड मोठी चाचणी झाली, तीत पंधरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतरही प्रौढांच्या फुफ्फुसाच्या क्षयापासून संरक्षण आढळले नाही. रक्तात स्मृतीच्या पेशी दिसणे आणि रोग टळणे यांत मोठे अंतर आहे, हे भारतातील संशोधकांनी फार मोठ्या कष्टाने दाखवून दिलेले आहे.

मिरजकर_डॉक्टर

बकुळताईंचा शेवटचा परिच्छेद मला फार आवडला. त्याला जोडून दुसरी बाजू मांडतो.

मारक पेशी नेहमीच उपकारक असतात असे नाही. टी आणि बी पेशी नसलेल्या उंदरांना न्यूमोकॉकसचा संसर्ग केला आणि मारक पेशी काढून टाकल्या, तेव्हा त्या उंदरांची अवस्था बिघडण्याऐवजी सुधारली, असे २००५ मधील एका ब्रिटिश अभ्यासात दिसले. या पेशींमुळे दाह वाढत होता. रक्तात जिवाणू पसरून सेप्सिस होतो तेव्हा रुग्णाचा जीव बहुतेक वेळा शरीराच्या अनावर प्रतिसादानेच धोक्यात येतो. अतिदक्षता विभागात रक्तदाब औषधांवर टेकवून ठेवलेला रुग्ण पाहताना, त्याच्या मारक पेशींना आणखी तत्पर करावे असे मला मुळीच वाटत नाही. स्मृतीने प्रतिसाद मोठा होत असेल, तर हानीही मोठी होणार नाही कशावरून?

पेशीवाचक

डॉक्टर, आपल्या या प्रश्नामुळेच परफोरिनचा मुद्दा मला इतका महत्त्वाचा वाटतो.

इंटरफेरॉन गॅमा हा लांबवर पोहोचणारा संदेश आहे. तो सुटला की आसपासच्या सर्व मॅक्रोफेज चेततात आणि दाह वाढतो. परफोरिनचे काम याच्या अगदी उलट, अत्यंत जवळून चालते. मारक पेशी लक्ष्य पेशीला चिकटते. तिच्या आतील कणिका सांगाड्याच्या तंतूंवरून सरकत नेमक्या त्या संपर्काच्या जागी गोळा होतात आणि त्यांतील द्रव्य दोन पेशींमधील चिंचोळ्या फटीत ओतले जाते. तिथे कॅल्शियमच्या साहाय्याने परफोरिनचे रेणू एकमेकांना जुळून लक्ष्य पेशीच्या आवरणात कडे तयार करतात, आणि त्यातून ग्रॅन्झाइम नावाची विकरे आत शिरून पेशीला मरणाच्या मार्गाला लावतात. शेजारच्या पेशीला सहसा धक्का लागत नाही. स्मृती असलेल्या पेशींचे संरक्षण या मार्गाने होत असेल, तर दाह न वाढवता संरक्षण मिळण्याची शक्यता तरी उरते. परफोरिनचा अभाव माणसात किती घातक असतो, हेही आपण जाणता: ज्या बालकांत त्याचे जनुक सदोष असते, त्यांच्यात प्रतिकारपेशींचा उद्रेक थांबतच नाही आणि रक्तपेशींचे भक्षण करणारा आनुवंशिक आजार उद्भवतो. म्हणजे परफोरिन दाह मिटवण्याच्या कामीही येते.

आता खरी अडचण. परफोरिनला भोक पाडण्यासाठी प्राण्यांच्या पेशींसारखे, कोलेस्टेरॉल असलेले आवरण लागते; जिवाणूंच्या आवरणात ते नसते. माणसाच्या मारक पेशींकडे ग्रॅन्युलायसिन नावाचे आणखी एक प्रथिन असते, जे नेमके जिवाणूंचे आवरण फोडते. परफोरिन त्याला संसर्गित पेशीत शिरू देते, ते जिवाणूला भोक पाडते आणि मग ग्रॅन्झाइम जिवाणूच्या आत जाऊन त्याला मारतात, अशी तीन टप्प्यांची मांडणी २०१४ मध्ये ज्युडी लिबरमन यांच्या गटाने सिद्ध केली. परंतु उंदरांत ग्रॅन्युलायसिन मुळातच नसते. तेव्हा उंदरातील परफोरिनने न्यूमोकॉकसला थेट मारले, हे स्पष्टीकरण जमत नाही.

मग परफोरिन कोणाला मारते? माझे अनुमान असे आहे. न्यूमोकॉकस केवळ पेशीबाहेर राहतो, हे आपण समजतो तितके खरे नाही. २०१८ मध्ये ब्रिटनमधील लेस्टरच्या संशोधकांनी दाखवले की रक्तात शिरलेले न्यूमोकॉकस प्लीहेतील सीडी१६९ असलेल्या मॅक्रोफेज पेशींच्या आत लपून वाढतात, आणि तेथूनच पुन्हा रक्तात उसळी घेतात. म्हणजे ज्या पेशीने जिवाणूला गिळून संपवायचे, तीच त्याचे आश्रयस्थान होते. प्लीहेत मारक पेशीही मुबलक असतात. शिवाय न्यूमोकॉकसने ग्रासलेल्या मॅक्रोफेज पेशींना मारक पेशींवरील एनकेपी४६ हा ग्राही ओळखतो, असा पुरावा इस्राएलमधील संशोधकांनी २०११ मध्येच दिला होता. स्मृती असलेली मारक पेशी अशा आश्रय देणाऱ्या मॅक्रोफेजला वेळेत शोधून फोडत असेल, तर परफोरिनची गरज आणि इंटरफेरॉन गॅमाची अनावश्यकता, दोन्हींची संगती लागते. हे अनुमान माझे आहे, पाश्चरच्या लेखकांचे नव्हे.

उत्तरा

या अनुमानाची परीक्षा घेता येईल असे वाटते. स्मृती असलेल्या पेशी दिलेल्या उंदरांत प्लीहेतील त्या विशिष्ट मॅक्रोफेज आधीच नष्ट करून ठेवल्या, तर संरक्षणात फरक पडतो का हे पाहावे लागेल. पण त्या पेशी नसल्या तर जिवाणूला लपायला जागाच नाही आणि रक्तातून जिवाणू गाळून काढणारेही कोणी नाही, त्यामुळे निष्कर्ष वाचणे अवघड जाईल.

पेशीवाचक

अगदी बरोबर. म्हणून मॅक्रोफेज नष्ट करण्यापेक्षा प्लीहेचे पातळ काप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी करणे मला अधिक योग्य वाटते: जिवाणू असलेल्या मॅक्रोफेज किती, त्यांना चिकटलेल्या मारक पेशी किती, आणि त्यांपैकी किती जागी कणिका संपर्काच्या बाजूला सरकलेल्या आहेत.

मंदार

एक व्यावहारिक प्रश्न. ‘नैसर्गिक मारक पेशी वाढवा’ असे सांगून चूर्णे आणि गोळ्या विकणाऱ्या जाहिराती मला सतत दिसतात. माझ्या घरातही कोणीतरी अशी बाटली आणून ठेवली आहे. या संशोधनाचा त्याच्याशी काही संबंध लावता येतो का?

मिरजकर_डॉक्टर

कोणताही संबंध नाही, आणि हे मी ठामपणे सांगतो. वर ज्या स्मृतीची चर्चा झाली, ती विशिष्ट जिवाणूच्या प्रत्यक्ष संसर्गातून निर्माण झालेली, संख्येत नव्हे तर गुणात बदल झालेल्या पेशींची आहे. ती गोळीने येत नाही. न्यूमोकॉकसविरुद्ध आज हाताशी असलेले साधन म्हणजे लस. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात ती २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि २०२१ पासून देशभर दिली जाते. बाळाला सहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात, मग नवव्या महिन्यात. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने तयार केलेली दहा सीरोटाइपची लसही आता उपलब्ध आहे. घरातील वडीलधाऱ्यांना मधुमेह, दम्यासारखा जुना श्वसनविकार किंवा हृदयविकार असेल, तर प्रौढांसाठीच्या लसीबद्दल आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. ज्यांची प्लीहा शस्त्रक्रियेने काढलेली आहे त्यांनी तर यात मुळीच दिरंगाई करू नये. अशा रुग्णांना न्यूमोकॉकस काही तासांत गाठतो.

बकुळ

डॉक्टरांनी प्लीहा काढलेल्या रुग्णांचा उल्लेख केला, त्यावरून सुचले. वरचे अनुमान मान्य केले तर प्लीहा नसलेल्या माणसात मारक पेशींची ही स्मृती घडते तरी का, आणि घडली तर कुठे काम करते, हा प्रश्न उभा राहतो. एकीकडे प्लीहेतील आश्रयस्थान नाही, म्हणून रोग सौम्य व्हायला हवा. प्रत्यक्षात तो भीषण होतो, कारण गाळणीच नाही. लेस्टरच्या कामाचा अर्थ लावताना हा विरोधाभास बाजूला सारता येणार नाही.

पेशीवाचक

बकुळ, हा आक्षेप मान्य आहे. प्लीहा एकाच वेळी गाळणी आणि आश्रयस्थान दोन्ही असते. बहुतेक जिवाणू ती मारते, आणि जे मोजके आत तग धरतात त्यांच्यासाठी मारक पेशीची गरज भासते, असे मी मांडीन. प्लीहा नसेल तर पहिली पायरीच गळून पडते आणि दुसऱ्या पायरीचा उपयोग उरत नाही.

माणसासाठी यापुढचा प्रयोग कोणता असावा, याबद्दल माझे मत नोंदवतो. उंदरांत ग्रॅन्युलायसिन नसणे ही आजवरच्या सर्व निष्कर्षांतील मोठी उणीव आहे. माणसाच्या मारक पेशी त्याहून एक हत्यार अधिक घेऊन लढतात. मानवी ग्रॅन्युलायसिनचे जनुक घातलेले उंदीर प्रयोगशाळांत आधीपासून आहेत, आणि लिस्टेरिया या जिवाणूच्या संसर्गात ते साध्या उंदरांपेक्षा सरस ठरलेले आहेत. त्याच उंदरांना न्यूमोकॉकसचा सौम्य संसर्ग करून, त्यांच्या स्मृती असलेल्या मारक पेशी साध्या उंदरांना देऊन पाहाव्यात. संरक्षण पूर्वीइतकेच राहिले तर परफोरिन आणि ग्रॅन्झाइम पुरेसे आहेत असे ठरेल, आणि ते वाढले तर माणसात ही स्मृती उंदरातील प्रयोगांवरून दिसते त्यापेक्षा बळकट असण्याचा संभव आहे. त्याच्या जोडीला न्यूमोनियातून उठलेल्या रुग्णांच्या रक्तातील मारक पेशी, आजारपणात आणि त्यानंतर तीन महिन्यांनी, न्यूमोकॉकसशी काचपात्रात भेटवून त्यांतील परफोरिन आणि ग्रॅन्युलायसिन मोजावे. त्याला फ्लो सायटोमीटर असलेली प्रयोगशाळा आणि पाठपुराव्याला परत येणारे रुग्ण एवढेच लागते. डॉक्टर, आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत हे करता येण्याजोगे आहे का, हे आपण सांगावे.

मिरजकर_डॉक्टर

रुग्णांची वानवा नाही. अडचण दोन ठिकाणी येईल. पहिली, बहुतेक रुग्ण आमच्यापर्यंत येण्याआधीच कुठेतरी प्रतिजैविके घेऊन आलेले असतात, त्यामुळे रक्ताच्या किंवा थुंकीच्या तपासणीत न्यूमोकॉकस वाढत नाही आणि न्यूमोनिया त्याचाच होता हे सिद्ध होत नाही. लघवीतील प्रतिजन तपासून ही उणीव काही अंशी भरून काढता येईल. दुसरी, रक्त घेतल्यापासून काही तासांत पेशी वेगळ्या कराव्या लागतात, कारण मारक पेशी गोठवून पुन्हा वितळवल्या की त्यांची मारण्याची क्षमता बरीच कमी होते. म्हणजे प्रयोगशाळा रुग्णालयाच्या आवारातच हवी. परत येण्याबद्दल म्हणाल, तर ऊसतोडीच्या हंगामात गाव सोडून जाणारे रुग्ण तीन महिन्यांनी भेटणार नाहीत. त्यांची नोंदणी हंगाम संपल्यावर, ते घरी परतल्यावरच करावी लागेल.